ऑफिसमध्ये ठरवून एकटं पाडलं जातंय, लेखी तक्रार करू का?

खानदेशी_लेक

नमस्कार मंडळी. इथे वाचत असते पण लिहायची वेळ आली नव्हती, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी भोसरी एमआयडीसीत एका कंपनीत डिस्पॅचच्या अकाउंट्सला आहे. इन्व्हॉइस बनवणं, ई-वे बिल (माल गाडीने पाठवताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) काढणं, ट्रान्सपोर्टरची बिलं तपासून पुढे पाठवणं हे माझं काम. माहेर जळगावकडचं, लग्नानंतर पिंपरीत. आधी डिपार्टमेंटमध्ये सगळं चांगलं होतं, एकमेकींच्या डब्यातलं खाणं, हळदीकुंकू, सगळं. दिवाळीच्या आधी क्लोजिंगला एका ट्रान्सपोर्टरचं बिल माझ्याकडे आलं, त्यातला एकच बिल्टी नंबर (माल पाठवल्याच्या पावतीचा नंबर) दोन वेगवेगळ्या बिलांत लावलेला होता, म्हणजे एकाच फेरीचे दोनदा पैसे. मी बिल होल्ड केलं आणि मॅनेजरना मेल टाकला. कोणावर आरोप नव्हता, फक्त 'एकदा बघून घ्या' एवढंच. ती बिलं आमच्या सीनियर मॅडमच्या सहीने पास झालेली होती.

तेव्हापासून जे सुरू झालंय ते सांगायला गेलं तर एकेक गोष्ट इतकी बारीक वाटते की समोरचा म्हणेल यात काय एवढं. चहाला चौघं उठतात, माझ्या टेबलाजवळ आले की बोलणं बंद. मी फोनवर बोलले की मागून कोणीतरी 'काय व्हयनं, काय व्हयनं' करून माझ्या बोलण्याची नक्कल करतं आणि हसू येतं. मी घरी आईशी अहिराणीत बोलते, ते त्यांनी ऐकलंय. गाड्यांचं शेड्यूल आधी सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यायचं, आता वेगळा ग्रुप केलाय, त्यात मी नाही. मला शेड्यूल तोंडी मिळतं, तेही गाडी गेटवर आल्यावर.

मागच्या आठवड्यात कळस झाला. मला गाडीचा नंबर तोंडी सांगितला, मी ई-वे बिल काढलं, गाडी गेली आणि वाटेत चेकिंगला अडकली. नंबरचे शेवटचे दोन आकडे वेगळे होते. मॅडमनी सगळ्या हॉलसमोर सांगितलं की यांचं लक्ष नसतं, मालाच्या टॅक्सच्या दुप्पट दंड लागतो, तो यांच्या पगारातून कापा. मी म्हटलं मला हाच नंबर सांगितला होता, तर सांगणारा मुलगा मान खाली घालून उभा. मॅनेजरकडे गेले तर ते म्हणाले बायकांची भांडणं माझ्याकडे आणू नका, तुमचं तुम्ही मिटवा.

रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. यजमान म्हणतात सोडून दे, पण घराचा हप्ता आहे, मुलगी दहावीला आहे. आणि काम माझं चांगलं आहे हो, मी का सोडू? लेखी तक्रार करावी का, केली तर कोणाकडे, आणि त्याने त्रास वाढला तर? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

---

निवांत_पेन्शनर

ताई, वाचून वाईट वाटलं. माझा सल्ला असा की थोडं दुर्लक्ष करून बघा. चिडवणाऱ्याला आपण चिडतोय हे दिसलं की त्याला जोर येतो. आपलं काम चोख ठेवायचं, हसून नमस्कार करायचा, डबा घेऊन निवांत खायचा. महिन्या-दोन महिन्यांत कंटाळतील. आमच्या वेळी बँकेतही असे गट असायचे. शांत राहणाऱ्याचं कोणी काही वाकडं करू शकत नाही.

---

एचआर_वाली_ताई

काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण इथे दुर्लक्ष करून चालणार नाही. नक्कल करणं, चहाला न बोलावणं यावर दुर्लक्ष एकवेळ ठीक, पण यांची कामाची माहितीच अडवली जातेय आणि त्यातून झालेल्या चुकीचं खापर यांच्या डोक्यावर फोडलं जातंय. उद्या याच दोन-तीन चुका मोजून अप्रेझलमध्ये लिहितील आणि तेव्हा ताई शांत राहिल्या होत्या हे कोणी विचारणार नाही.

ताई, मी बरीच वर्षं कारखान्यांच्या एचआरला काम करते. स्पष्ट सांगते, एचआर कंपनीसाठी काम करतं. तुमची बाजू खरी आहे एवढ्याने तिथे कोणी हलत नाही, कंपनीला याचा धोका काय हे दिसलं की हलतात. आणि तुमच्या केसमध्ये तो धोका आयता समोर आहे. गाड्यांचं शेड्यूल अधिकृत ग्रुपवर न येता खाजगी ग्रुपवर जातंय, ई-वे बिल काढणाऱ्या माणसालाच त्यात घेतलेलं नाही, त्यामुळे गाडी अडकली. हे वाचल्यावर प्लँट हेडला 'बायकांची भांडणं' म्हणता येणार नाही.

तक्रार नक्की करा, पण आधी थोडी तयारी करा. आजपासून तोंडी निरोपावर एकही ई-वे बिल काढू नका असं मी म्हणणार नाही कारण गाडी गेटवर थांबवली तर त्याचाही ठपका तुमच्यावर येईल. तोंडी निरोप आला की लगेच एका ओळीचा मेल टाका, 'आत्ता सांगितल्याप्रमाणे गाडी नंबर अमुक धरून ई-वे बिल काढत आहे, बदल असल्यास गाडी सुटण्याआधी कळवावे', सांगणाऱ्याला आणि मॅनेजरला सीसी. भाषा अगदी थंड ठेवा, टोमणा नको, उद्गारचिन्ह नको. आठवडाभर असे मेल गेले की तोंडी नंबर सांगणाऱ्यांची आपोआप अडचण होते कारण चुकीचं सांगितलं तर त्याची नोंद त्यांच्या नावावर पडते.

दुसरं म्हणजे घरी एक वही करा, ऑफिसात ठेवू नका. तारीख, वेळ, कोण काय बोललं जसंच्या तसं, तिथे कोण कोण होतं, त्यामुळे कामावर काय झालं. 'मला खूप अपमानित वाटलं' हे पण लिहा, मन मोकळं होतं, पण तक्रारीत ते शेवटी घ्या. आणि कंपनीची बिलं, शीट्स स्वतःच्या पर्सनल मेलवर पाठवून ठेवू नका. पुरावा म्हणून लोक करतात आणि मग डेटा बाहेर नेला म्हणून त्यांच्यावरच कारवाई होते, मी हे होताना पाहिलंय.

---

जीएसटीत_बुडालेला

बाकीचं जाणकार सांगतील, मी फक्त त्या दंडाचं सांगतो कारण त्या बाबतीत तुम्हाला उगाच घाबरवलंय.

ई-वे बिलात गाडी नंबरचा एखाद-दुसरा आकडा चुकला तर टॅक्सच्या दुप्पट दंड लावायचा नसतो. १४ सप्टेंबर २०१८ चं केंद्राचं परिपत्रक क्रमांक ६४ आहे, त्यात किरकोळ चुकांची यादीच दिलीय आणि गाडी नंबरमधले एक किंवा दोन आकडे चुकणं त्यात आहे. सोबत इन्व्हॉइस वगैरे बाकी कागद बरोबर असतील तर सीजीएसटीचे ५०० आणि एसजीएसटीचे ५००, मिळून १००० रुपये. टॅक्सच्या २०० टक्के वाला दंड कलम १२९ खालचा, तो ई-वे बिलच नसेल किंवा गाडी पूर्ण वेगळीच असेल अशा वेळी. त्यामुळे प्रत्यक्षात किती भरले त्याचं चलन बघायला मागा. लेखी मागा.

आणि एक, गाडी निघायच्या आधी चूक लक्षात आली तर नंबर ई-वे बिलाच्या पार्ट-बी मध्ये, म्हणजे गाडीच्या माहितीच्या भागात, दोन मिनिटांत अपडेट होतो हे तुम्हाला माहीत असणारच. म्हणजे गेटवर गेटपास करताना सिक्युरिटीने गाडीची नंबर प्लेट आणि ई-वे बिल जुळवून बघितलं असतं तर गाडी अडकलीच नसती. तुमच्याकडे गेटवर हे चेक होतं का? नसेल तर तक्रारीत हा उपाय सुचवा, 'माझी चूक नाही' म्हणण्यापेक्षा 'ही चूक परत होऊ नये म्हणून हे करा' याला जास्त वजन येतं.

---

मशीनशॉप_शिफ्टबी

मी चाकणला मशीनशॉपला सुपरवायझर आहे, ऑफिसातलं राजकारण मला तेवढं कळत नाही पण माणसाला एकटं पाडणं मी रोज बघतो म्हणून लिहितो.

आमच्याकडे नवीन आयटीआयचा पोरगा आला की त्याचा व्हर्नियर म्हणजे मापायचं हत्यार लपवणे, मशीनवर सेट केलेलं ऑफसेट म्हणजे टूलचं माप बदलून ठेवणे म्हणजे त्याचा जॉब रिजेक्ट गेला पाहिजे, जेवायला बसला की बाक सोडून उठणे, हे चालतं आणि सगळे म्हणतात मस्करी आहे. कॉम्प्रेसरच्या हवेचा पाइप अंगाला लावतात तीसुद्धा मस्करीच म्हणतात, आणि त्याने आतडी फाटून पोरं मेलीत, देशात ठिकठिकाणी झालंय, बातम्या येतात आणि दोन दिवसांत लोक विसरतात. माझ्या शिफ्टला कोणी पाइपला हात लावला तर मी त्या दिवशी त्याला घरी पाठवतो, मग प्रॉडक्शन बसलं तरी चालेल. एक पोरगा तर कँटीन सोडून रोज भंगाराच्या बिनमागे उभ्याने डबा खायचा, विचारलं तर म्हणायचा सर तिकडे गार लागतं. मे महिना होता. घरी त्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं, पुरुष माणूस घरी जाऊन काय सांगणार की मला मोठी माणसं चिडवतात.

ताई मला तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटली, तो मुलगा मान खाली घालून उभा होता. चौघांच्या टोळक्यात चौघे सारखे कधीच नसतात. एक चालवणारा असतो, एकाला त्यात मजा वाटते आणि बाकीचे, आपला नंबर लागू नये म्हणून हसतात. तो मुलगा त्या शेवटच्यातला आहे. त्याला सगळ्यांसमोर गाठू नका, सुटल्यावर पार्किंगला एकटा असताना साध्या शब्दात सांगा की बाळा मी तुझं नाव घेणार नाही पण यापुढे नंबर मला मेसेजवर टाकत जा, तू पण सुटशील मी पण सुटेन. माझ्याकडे त्या पोराचं असंच सुटलं, दोघांना बाजूला घेतलं आणि चालवणाऱ्याची शिफ्ट तोडली, महिनाभरात बाकीचे त्याच पोराबरोबर बाकावर बसायला लागले.

---

खानदेशी_लेक

सगळ्यांचे खूप आभार. १००० रुपयांचं वाचून मी अकाउंट्समधल्या दुसऱ्या सेक्शनच्या मैत्रिणीला विचारलं, तिने चलन बघितलं, खरंच एक हजारच भरलेत. माझ्यासमोर लाखाची भाषा चालली होती. रडूच आलं मला, राग पण आला.

गेटवर नंबर जुळवत नाहीत, फक्त गेटपासवर शिक्का मारतात. हे लिहिते मी. मशीनशॉपवाले दादा, त्या मुलाशी बोलायचं धाडस करते, तो तसा वाईट नाही, कंत्राटी आहे, त्याचं रिन्यूअल मॅडमच्या हातात आहे.

माझा अजून एक प्रश्न, मैत्रीण म्हणते पॉशमध्ये (बायकांच्या छळाची समिती असते ना, त्यात) टाक सरळ, मॅडम घाबरतील. तसं करता येतं का? आणि पगारातून खरंच कापू शकतात का?

---

कोर्टाची_पायरी

वकिली करते, पण तुमचे कागद बघितलेले नाहीत त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

पॉशचा २०१३ चा कायदा लैंगिक छळासाठी आहे. तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसत नाही, त्यामुळे तिथे जाऊ नका. ती समिती पहिल्याच बैठकीत हे आमच्या कक्षेत येत नाही म्हणेल, आणि मग तुमच्या खऱ्या तक्रारीकडेही लोक त्याच नजरेने बघतील. पण एखाद्या पुरुष सहकाऱ्याने बाईपणावरून घाणेरडं बोलणं, शरीरावरून शेरे असं काही घडलं असेल तर मात्र नक्की जा, आणि तीन महिन्यांच्या आत लेखी द्या, त्यानंतर उशिराचं कारण समितीला पटवून द्यावं लागतं. जातीवरून कोणी सगळ्यांसमोर अपमान केला आणि आपण अनुसूचित जाती-जमातीचे असू तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. नुसतं एकटं पाडणं, टोमणे, माहिती अडवणं यासाठी आपल्याकडे वेगळा असा कायदाच नाही, हे मला वकील म्हणून सांगताना त्रास होतो पण खरं आहे. म्हणून कंपनीतली लेखी तक्रार हीच तुमची पहिली आणि मुख्य पायरी. सर्व्हिस रूल्स किंवा स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे कंपनीचे नोकरीचे लेखी नियम, मागून घ्या, त्यात सहकाऱ्याशी गैरवर्तन हा मिसकंडक्ट म्हणून बहुतेक वेळा लिहिलेला असतो, तक्रारीत तो शब्द आणि तो नियम वापरा.

पगाराचं. नुकसानीपोटी कापायचं तर ते नुकसान तुमच्याच हलगर्जीने झालं हे आधी ठरावं लागतं, आणि कापण्याआधी तुम्हाला तुमचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, जुन्या वेतन कायद्यातही हे होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. हॉलमध्ये ओरडून पगार कापला जात नाही. स्लिपवर कपात दिसली तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्या.

रेकॉर्डिंगचं कोणी सुचवेल म्हणून आधीच सांगते. स्वतः ज्या बोलण्यात आहात ते रेकॉर्ड करणं वेगळं, आणि टेबलावर फोन चालू ठेवून दुसऱ्यांचं बोलणं पकडणं वेगळं, हे दुसरं अजिबात करू नका. कधी पुरावा म्हणून लागलंच तर मूळ फोन जपून ठेवावा लागतो आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, फॉरवर्ड झालेल्या क्लिपला फारसा अर्थ राहत नाही.

आणि काही झालं तरी कोणी केबिनमध्ये बोलावून 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा' असं लिहून द्या म्हटलं तर तिथे बसून सही करू नका. घरी विचारून उद्या सांगते म्हणा आणि उठा.

---

तोक्योतला_सांगलीकर

इकडे जपानमध्ये नोकरीला आहे. वकील ताईंनी म्हटलं आपल्याकडे कायदा नाही, इकडे आहे म्हणून सांगतो. २०१९ ला कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध कायदा झाला, जून २०२० पासून मोठ्या कंपन्यांना आणि एप्रिल २०२२ पासून लहान कंपन्यांना पण लागू. तक्रार ऐकायला कंपनीत एक जागा असलीच पाहिजे आणि तक्रार केली म्हणून माणसाला काढता येत नाही. त्रास देणाऱ्याला थेट शिक्षा नाही त्या कायद्यात, त्यामुळे सगळं सुटलंय असं मुळीच नाही, इकडेही लोक सोसतात.

पण सरकारने छळाचे सहा प्रकार लिहून दिलेत ते मला फार उपयोगी वाटतात: मारहाण, मानसिक हल्ला म्हणजे सगळ्यांसमोर पाणउतारा, एकटं पाडणं, झेपणार नाही एवढं काम देणं, लायकीपेक्षा फालतू काम देणं किंवा कामच न देणं, आणि खाजगी आयुष्यात नाक खुपसणं. ताई तुमच्या वहीत प्रत्येक घटनेपुढे यातला कोणता प्रकार ते लिहा. इथला कायदा तिकडे चालणार नाही पण तुम्हालाच दिसेल की बारीक वाटणाऱ्या गोष्टी एकाच रांगेत बसतात, आणि दिवाळीपासूनच बसतात.

---

स्पष्टच_सांगतो

सगळे सल्ले छान आहेत पण मला पटत नाही. कंपनी मॅडमचीच बाजू घेणार, ती सीनियर आहे. वही, मेल, तक्रार यात वर्ष जाईल आणि तब्येत जाईल ती वेगळीच. आजपासून दुसरी नोकरी बघा, भोसरी-चाकण-तळेगाव पट्ट्यात ई-वे बिल आणि टॅली येणाऱ्या माणसाला तोटा नाही. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते, तीस दिवसांत द्यावी लागते, पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. तक्रार करायचीच असेल तर मेलमध्ये ट्रान्सपोर्टरच्या डबल बिलापासूनच सुरुवात करा, मूळ तेच आहे, घाबरायचं कशाला.

---

एचआर_वाली_ताई

नोकरी शोधायचं मलाही पटतं, दोन्ही एकाच वेळी करा ताई. हातात दुसरी ऑफर असली की तक्रारीच्या मीटिंगमध्ये आवाज थरथरत नाही. सोडावी लागली तरी त्यात तुमची हार नाही, पण तुमच्या तारखेला सोडा, रिलीव्हिंग लेटर घेऊन.

आणि तो रविवारचा गोळा अंगावर काढू नका. झोप उडाली असेल तर डॉक्टरकडे जा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मुलीसमोर रडू नये म्हणून आपण बाथरूममध्ये नळ सोडून रडतो, त्यापेक्षा तिथे बोला.

डबल बिलाबद्दल मात्र माझं मत उलट आहे. ते या तक्रारीत घालू नका. घातलं की मॅडम म्हणतील बघा, आधीपासून माझ्यावर डूख धरून आहे, आणि सगळी चर्चा तुमच्या हेतूवर जाईल. तुमचा दिवाळीचा मेल रेकॉर्डवर आहेच. त्यावर काय झालं हे विचारणारा वेगळा मेल, त्याच जुन्या मेलला रिप्लाय करून, मॅनेजर आणि अकाउंट्स हेडना पाठवा, दोन ओळींत.

तक्रारीचा मेल साधारण असा करा, तुमच्या शब्दांत बदला:

'दि. अमुक रोजी गाडीचा नंबर मला तोंडी कळवण्यात आला. त्यानुसार काढलेल्या ई-वे बिलात शेवटचे दोन आकडे चुकीचे निघाले व कंपनीला रु. १००० दंड भरावा लागला. डिस्पॅच शेड्यूल सध्या ज्या ग्रुपवर येते त्यात माझा समावेश नाही. त्याच दिवशी सर्वांसमोर मला जबाबदार धरून पगारातून वसुलीची भाषा करण्यात आली. माझ्या बोलण्याची नक्कल करणे, कामाच्या चर्चेतून वगळणे हे प्रकार सातत्याने होत आहेत, तारखांची यादी सोबत जोडली आहे. विनंती: एक, शेड्यूल अधिकृत ग्रुपवर किंवा मेलवर यावे. दोन, गेटपासच्या वेळी गाडी नंबर व ई-वे बिल जुळवावे. तीन, वरील वागणुकीबाबत माझे म्हणणे ऐकून घ्यावे व झालेल्या कार्यवाहीची माहिती लेखी द्यावी.'

मॅनेजरने एकदा झटकलंय म्हणून मेल एचआर हेडना, मॅनेजर सीसीमध्ये. मॅडमना सीसी नको. सोमवारी सकाळी पाठवू नका, मंगळवार-बुधवारी दुपारी पाठवा, सोमवारी प्रॉडक्शन मीटिंगच्या गडबडीत मेल खाली जातात. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच मेलवर एक ओळीचं स्मरणपत्र.

---

खानदेशी_लेक

मेल तयार केला, यजमानांनी दोनदा वाचला. तारखांची यादी करायला बसले तर पान भरलं. डबल बिलाचं वेगळंच विचारते, ताई म्हणतात ते पटलं. आज त्या मुलाशी पार्किंगला बोलले, तो काही बोलला नाही पण संध्याकाळच्या गाडीचा नंबर मेसेजवर आला, नंबर प्लेटच्या फोटोसकट. बुधवारी मेल पाठवते, काय होतं ते इथेच सांगते.